दार लावून केलेलं सॅलड

४ मार्च, मंगळवार

आणि वर मलाच म्हणतो, "तुझ्यामुळे." आईने अन्न सोडलं ते माझ्यामुळे, वहिनीचं डोकं दुखतं ते माझ्यामुळे, दुकानाचं शटर गंजलं तेही बहुतेक माझ्यामुळेच. दादाला दुसरा विषय नाही. आज पुन्हा फोन करून तेच दळण. "तू ताटावरून उठून गेलास, तेव्हापासून आई धड जेवत नाही." अरे बाबा, मी उठून गेलो त्याला दोन वर्षं होतील. आईचं जेवण कमी झालं गेल्या सात-आठ महिन्यांत, हे तूच सांगतोस. मी सातवी नापास असेन, पण एवढी वजाबाकी मलाही येते. म्हटलं, "वहिनीच्या हातचं चार दिवस सलग खाऊन बघ, मग कळेल आई का जेवत नाही." फोन आपटला त्याने.

मला विचाराल तर आई रुसली आहे. आमच्या घराची रीतच आहे ती. राग आला की ताट सारायचं, आणि बाकीच्यांनी विचारायचं नाही. जो विचारेल तो हरला. तीन दिवस, चार दिवस, राग उतरला की माणूस आपणहून येऊन भांड्यांची झाकणं उघडून बघतो. बाबांनी एकदा आठ दिवस काढले होते, बादलीच्या कडीवरून. आई काही कमी नाही. पोत्याची सुतळी दाताने तोडणारी बाई ती. उतरेल राग.

ही वही मी मागच्या बाजूने लिहितोय. पुढची बाजू सरकारी आहे. म्हणजे इथे परदेशात ज्या म्हातारीला मी सांभाळतो, तिच्या लेकीने दिलेली, म्हातारीने दिवसभरात काय खाल्लं ते लिहायला. तिथे मी लिहितो, "सकाळी अर्धा कप चहा. दुपारी काही नाही." मग म्हातारी स्वतः ते पान तपासते आणि कोपऱ्यात चिमट्याने भोक पाडते. एकतीस वर्षं रेल्वेत तिकिटं तपासली तिने. नोकरी सुटली, चिमटा सुटला नाही. तोंडावर मी तिला बाई म्हणतो, वहीत म्हातारी. ती मला 'विदाऊट' म्हणते. पहिल्या दिवशी माझ्याकडे एजन्सीचं पत्र नव्हतं, बॅगेच्या तळाशी गेलं होतं, म्हणून. माझी मागची बाजू तिला वाचता येत नाही, ही लिपी तिला येत नाही. बरं आहे.

दर रविवारी लेक येते आणि आईला काट्यावर उभी करते. परवा सेहेचाळीस किलो दोनशे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी काटा पंचेचाळीसच्या खाली गेला तर म्हातारीची रवानगी म्हाताऱ्यांच्या संस्थेत, आणि घराला कुलूप. मग मलाही नारळ. एजन्सीवाल्याने बजावलंय, वर्षातलं तिसरं काम आहे हे, गेलं तर थेट परतीचं तिकीट. म्हणजे दादाच्या दुकानात बसून नट-बोल्ट मोजायचे आणि त्याचं तोंड बघायचं. त्याआधी इथून पुढे बंदराच्या गावी सटकायचं, असा माझा विचार आहे. पिशवी भरलेलीच असते खाटेखाली. पैसे अजून थोडे कमी आहेत.

तेव्हा म्हातारी, तू खा.

५ मार्च, बुधवार

म्हातारीने आज जाहीर केलं, "मी फक्त ट्यूनाचं सॅलड खाईन. माझा नवरा करायचा तसं."

"कसं करायचे ते?"

"चांगलं."

"म्हणजे काय काय घालायचे?"

"मला काय ठाऊक? दार लावून घ्यायचा. म्हणायचा, आमच्या घराण्याचं गुपित आहे. पाव तासाने वाडगा घेऊन बाहेर."

नवरा जाऊन वर्ष झालं. गुपित बरोबर घेऊन गेला, आणि निस्तरायला मी.

कोपऱ्यावरच्या दुकानातून डबा आणला. आता सांगा, ह्याला काय स्वयंपाक म्हणायचं? थंड मासा. तळायचा नाही, शिजवायचा नाही, आगीचं तोंड बघायचं नाही. डबा फोडा आणि पांढऱ्या चिकट मेयोनीजमध्ये कालवा. घर रंगवायच्या आधी भिंतीला लांबी भरतात, ती अशीच दिसते.

तरी मी नीट करायला गेलो. मासा म्हटला की तीन पाण्यांनी धुवायचा, हे मला आईने धपाटे घालून शिकवलंय. नळाखाली धरला. पहिल्या पाण्याला तेल गेलं, दुसऱ्याला रंग गेला, तिसऱ्याला मासाच गेला. अर्धा डबा सिंकच्या जाळीतून खाली. उरलं ते ओल्या कापसासारखं. वर सिंक तुंबलं.

म्हातारी दारात काठी टेकून उभी. "तू मासा धुतलास?"

"हो, बाई."

"लोकांनी तो शिजवला, डब्यात भरला, डबा बंद केला, एवढ्या लांब पाठवला. आणि तू त्याला आंघोळ घातलीस. साबण तरी चांगला लावायचास."

खाल्लं नाही. मी खाल्लं. पुढच्या पानावर लिहिलं, "दुपारी काही नाही." तिने भोक पाडलं.

७ मार्च, शुक्रवार

आज धुतलं नाही. तेल निथळून टाकलं. मेयोनीजच्या बाटलीवर कृती असते, ती बोट ठेवून ठेवून वाचली. एवढ्यात डबा फोडायचं यंत्र दोनदा हातातून सटकलं, तेही नवऱ्याच्या वेळचंच असणार. कांदा चिरला, बाटलीतली आंबट काकडी चिरली, मक्याचे दाणे घातले, उकडलेलं अंडं चौकोनी कापून घातलं. दिसायला झकास. चमचा उभा राहील असं.

म्हातारीने चमचा घेतला, मेयोनीज मेयोनीज चाटलं आणि बाकीचं वाडग्याच्या काठावर ओळीने मांडून ठेवलं. कांदा एका बाजूला, मका एका बाजूला. बिनतिकिटाचे प्रवासी फलाटावर उतरवून ठेवावेत तसं. मग रुमाल तोंडाशी धरून बसली.

"कांदा मोठा," म्हणाली.

पुन्हा चिरला.

"मका कशाला?"

मका वेचून काढला. छत्तीस दाणे.

"असं नाही."

"मग कसं?"

"तो करायचा तसं."

मेलेल्या माणसाशी स्पर्धा लावलीय माझी. तो चुकू शकत नाही आणि मी जिंकू शकत नाही.

९ मार्च, रविवार

पंचेचाळीस किलो सातशे.

लेक चष्म्याच्या दुकानात आहे. लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढते. आली ती काटा काखेत घेऊन. येताना दुकानातलं तयार सॅलडही आणलं, झाकणावर फुलाचं चित्र. म्हातारी म्हणाली, "आत्ता नको, नंतर." लेकीने मला बाहेर घेतलं.

"तुम्ही तिला नुसतं ताट देऊन मोकळे होता का?"

"ताई, मी दोनदा केलं. पुन्हा पुन्हा केलं. रुसल्यात त्या."

"रुसलीच आहे. बाबा गेल्यापासून माझ्यावर राग आहे तिचा. लहानपणापासून बघतेय, हट्टी आहे. फार मागे लागू नका, भूक लागली की खाईल."

मी म्हटलं, अगदी आमच्या घरासारखं. बरं वाटलं. जगात सगळीकडे माणसं सारखीच मूर्ख आहेत.

लेक गेल्यावर तयार सॅलड म्हातारीने मला दिलं. त्यात कसला तरी देठ होता, कच्चा, करकर वाजणारा. पाण्यासारखी चव. झाकणावरचं फूल खाल्लं असतं तर बरं.

१२ मार्च, बुधवार

स्वयंपाकघराचे सगळे ड्रॉवर उपसले. म्हटलं, नवऱ्याने कुठे कागदावर लिहून ठेवलं असेल गुपित. कागद नाही. सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये दोन वस्तू, फडक्यात गुंडाळलेल्या. एक दोन मुठींचा अर्धगोल सुरा, झोपाळ्यासारखा डुलवायचा, धार वापरून वापरून अर्धी झालेली. आणि एक चाळणी, एवढी बारीक जाळी की त्यातून पीठही विचार करून जाईल. मधोमध खोल गेलेली, चमच्याने घासघासून. हौशी माणूस असावा. मासा काय चाळायचा असतो? दोन्ही परत ठेवल्या.

दादाचा फोन. ह्या वेळी फोन आईकडे दिला. आईचं काहीच कळत नाही हल्ली. तोंडातल्या तोंडात बोलते, घोगरं, जणू तोंडावर पदर धरलाय. "बराय... हं... जेवलास?" एवढंच. मी विचारलं, "तू जेवलीस?" तर गप्प. मग दादा.

"बघितलंस? बोलतसुद्धा नाही."

"खाते काय मग?"

"चहा-बिस्कीट. तेही चहात बुडवून. बाकी दोन घास आणि ताट बाजूला. परवा तिच्या आवडीचं मटण आणलं, तर उठून गेली."

"बिस्किटं जातात ना? मग भूक आहे. नाटक आहे ते."

"तू ये, म्हणजे संपेल नाटक."

"तू मला बोलवायला तिला पढवलंयस."

फोन आपटला. ह्या वेळी मी.

१३ मार्च

सॅलड केलं. खाल्लं नाही. मी खाल्लं. चांगलं होतं. हे इथेच राहू दे, कोणाला सांगायचं नाही.

१६ मार्च, रविवार

पंचेचाळीस किलो दोनशे. लेकीने आकडा दोनदा वाचला. म्हातारीने अंगावर दोन स्वेटर घातले होते, एक लेकीने काढायला लावला. संस्थेचं रंगीत माहितीपत्रक टेबलावर ठेवून गेली. बाग, बाकडी, हसणारे म्हातारे. सगळ्यांचे दात पांढरेशुभ्र.

म्हातारीने पत्रकाला चिमट्याने सात भोकं पाडली.

१९ मार्च, बुधवार

आज मीही ताट सारलं.

झालं असं. सकाळपासून तिसऱ्यांदा सॅलड केलं. कांदा न घालता. तिने एक चमचा घेतला, बराच वेळ तोंडात इकडून तिकडे फिरवला, रुमालात काढला आणि म्हणाली, "विदाऊट, तुला जमणार नाही. तू आपला सामान उचलायला जा."

माझं डोकं फिरलं. ह्या आधी मी सामान हलवणाऱ्या कंपनीत होतो, तिथून कपाट पडलं म्हणून काढलं, हे तिला माहीत आहे. म्हटलं, "बाई, खायचं तर खा, नाहीतर जा त्या बागेत हसायला." आणि माझ्या खोलीत येऊन दार लावलं. दुपारी चूल नाही. संध्याकाळी नाही. आमच्या रीतीने. बघू कोण हरतं.

पाचच्या सुमाराला फटीतून बघितलं. म्हातारी टेबलाशी बसून बिस्किटं खात होती. चहात इतका वेळ बुडवली की विरघळली, मग चमच्याने काढून काढून. चार बिस्किटं! भूक नाही म्हणे. मी आत पावाचा कोरडा तुकडा चघळत बसलो आणि ही मजेत बिस्किटं खातेय. संताप झाला.

२१ मार्च, शुक्रवार

हसू की काय करू.

दोन दिवसांचा रुसवा झाला. आज सकाळी म्हातारी आंघोळीला गेली. तिच्या चिमट्याचं एक चामड्याचं पाकीट आहे, बटणाचं, जेवताना कायम मांडीवर घेऊन बसते. मला वाटायचं, चिमट्यावर जीव जडलाय. आज ते टेबलावर विसरली. म्हटलं बघू तरी, तो चिमटा आहे कसा. उघडलं.

आत दात. वरचे आणि खालचे. अख्खी कवळी, रुमालात गुंडाळून. चिमटा वेगळाच, ड्रॉवरमध्ये असतो.

मी खाली बसून हसलो. एवढ्यात ती बाहेर आली. हातातला टॉवेल एकदम तोंडावर धरला.

"चोर!"

"बाई, हे काय?"

"ठेव ते."

"तुम्ही जेवताना दात काढून ठेवता?"

"लागतात. सैल झालेत, घासतात, रक्त येतं. तुला काय करायचंय?" टॉवेलच्या आडून बोलत होती. "लेकीला सांगितलंस तर आजच्या आज उतरवीन तुला घरातून."

"कधीपासून?"

"सप्टेंबर."

"मग सांगितलं का नाही?"

"विचारलं कोणी?"

हसू गेलं. दात तिच्या हातात दिले, लेकीला सांगणार नाही असा शब्दही दिला. हातात घेतले तेव्हा केवढेसे वाटले, लहान मुलाचे असावेत तसे.

२२ मार्च, शनिवार

खालचा ड्रॉवर उघडला. फडकं सोडलं.

कृती लिहून ठेवतो, पुन्हा कोणा गाढवावर वेळ आली तर. डबा फोडायचा. धुवायचा नाही. तेल निथळू द्यायचं. मासा चाळणीवर घेऊन चमच्याच्या पाठीने दाबत दाबत खाली उतरवायचा, म्हणून ती मध्ये खोल गेली आहे. अंडं उकडून तेही चाळणीतून. कांदा आणि आंबट काकडी अर्धगोल सुऱ्याने, डुलवत डुलवत, कांदा दिसेनासा होईपर्यंत, नुसता वास उरेपर्यंत. मग मेयोनीज, लिंबू चार थेंब, मिरपूड. मका नाही. मका त्या माणसाने जन्मात घातला नसेल.

मध्येच बाई डोकावायला लागल्या म्हणून दार लावून घेतलं.

वाडगा पुढे ठेवला. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "पाव तास," म्हणाल्या. एक चमचा घेतला. दुसरा घेतला. वाडगा रिकामा केला, चमचा पुसला, आडवा ठेवला.

मग म्हणाल्या, "चाळणीतून काढलंस?"

"हो."

"आणि तो सुरा?"

"हो. खालच्या ड्रॉवरमध्ये होता, फडक्यात."

रिकामा वाडगा जवळ ओढला. "बारा वर्षं," म्हणाल्या, "बारा वर्षं मी त्याच्यापुढे चावल्याचं सोंग केलं. दाढा गेल्या, हिरड्या गेल्या, एका शब्दाने बोलले नाही. मला वाटायचं, त्याला कळलंच नाही कधी."

आणि डोळे पुसायला लागल्या. आता ह्यात रडण्यासारखं काय होतं ते मला समजलं नाही. सॅलड तर चांगलं झालं होतं. वाईट झालं की खात नाहीत, चांगलं झालं की रडतात.

पुढच्या पानावर लिहिलं, "दुपारी एक वाडगा. पूर्ण." त्यांनी भोक पाडलं. मग माझ्या बाजूच्या पानालाही पाडलं, न वाचता.

२३ मार्च, रविवार

चव्वेचाळीस किलो नऊशे. काल वाडगा रिकामा होऊनसुद्धा. माझ्या रुसव्याचे दोन दिवस नडले. लेक म्हणाली, "पुढचा रविवार शेवटचा हं, आई." बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी गप्प. शब्द दिलाय.

दादाचा फोन आला तेव्हा मी जरा ताठच होतो. म्हटलं, "मी इथे परक्या बाईला खायला घालून दाखवलं. तुला घरात बसून सख्खी आई सांभाळता येत नाही."

"मग ये आणि तिलाही खायला घालून दाखव."

"तुम्ही सगळे मिळून तिचा रुसवा काढा आधी."

"तिने काल मक्याचं कणीस हातात घेतलं आणि परत ठेवलं. कणीस! पोराला देऊन टाकलं. तुझी आठवण आली असणार."

कणसावरून माझी आठवण! काय पण डोकं. फोन ठेवला.

२६ मार्च, बुधवार

बाईंना दातांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन दिवस विनवण्या केल्या. शेवटी म्हटलं, "बाई, विदाऊटला तरी दया दाखवा, नोकरी जाईल माझी." तेव्हा उठल्या. बसमध्ये बसल्या बसल्या हात पुढे केला, "तिकीट?" मी दाखवलं. उलटसुलट करून बघितलं आणि परत दिलं. मागच्या सीटवरच्या माणसाकडेही हात करणार होत्या, मी धरला.

डॉक्टर म्हणजे तरुण पोरगी. बाईंनी तोंड उघडायलाच दहा मिनिटं लावली. मी कोपऱ्यात त्यांचं चामड्याचं पाकीट धरून उभा. डॉक्टर विचारत होती, सरळ, कामाचं बोलल्यासारखं.

"चहात बुडवून खाता?"

बाईंनी मान हलवली.

"कडक काही पुढे आलं की सोडून देता? मटण, कणीस?"

मान.

"बोलताना तोंडावर हात धरता? माणसांत बोलणं कमी झालंय?"

मान.

"आणि घरच्यांना काय सांगितलंत?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "त्यांना वाटतं, रुसलेय."

पाकीट माझ्या हातातून पडलं. डॉक्टर म्हणाली, "जपून." मी जिन्यात आलो आणि दादाला फोन लावला. भर दुपारी, दुकानाच्या वेळेला, त्याला वाटलं मी मेलो.

"काय झालं रे?"

"आईला तोंड उघडायला लाव."

"काय?"

"तोंड. उघडायला लाव आणि आत बघ. बॅटरी घेऊन."

"डोकं ठिकाणावर आहे का? तोंडाचं काय आता मध्येच?"

"दादा, ती कधीपासून तोंड धरून बोलते? सुतळी अजून दाताने तोडते का?"

तिकडे दुकानात कोणीतरी नटांचा डबा ओतत होतं.

"कात्रीनेच कापते हल्ली," दादा म्हणाला.

"विचारलंस कधी?"

"तू विचारलंस?"

दोघांनीही फोन आपटला नाही. बहुतेक पहिल्यांदाच.

२८ मार्च, शुक्रवार

दादाचा फोन. आवाज बसलेला. डॉक्टरकडे नेऊन आणलं. खालच्या दोन दाढा सडून आत पू झालाय, वरचे पुढचे तीन हलतात, डावी बाजू सगळीच कामातून गेलेली. डॉक्टरने दादाला विचारलं, "एवढे दिवस ह्या जेवत कशा होत्या?" दादा म्हणाला, "आम्हाला वाटलं..." आणि पुढे काय सांगणार? डॉक्टरला आमच्या घराची रीत सांगणार?

"आई काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, तुम्ही दोघं आधीच भांडताय, त्यात माझ्या दातांची भर कशाला."

काय हुशार घर आमचं. एक भाऊ ताटासमोर बसून आंधळा, दुसरा एवढ्या लांबून फोनवर अक्कल शिकवणारा. आणि मध्ये एक बाई आठ महिने बिस्किटं बुडवून खाते, आणि आम्ही दोघं ती कोणाच्या बाजूने रुसलीय ह्यावर भांडतोय. मी सॅलडला नावं ठेवत होतो. तो बाईंचा नवरा, ज्याला मी हौशी म्हटलं, तो बारा वर्षं दार लावून चाळणी घासत होता आणि एकदाही बोलला नाही. आम्ही बोलत होतो, रोज.

दादा म्हणाला, "खर्च बराच आहे. दाढा काढायच्या, पू काढायचा, मग कवळी. मी मागत नाही हं, नुसतं सांगतोय."

"आकडा सांग."

"दुकानातून काढतो मी काहीतरी."

"दादा, आकडा."

सांगितला.

मग आईने फोन घेतला. तेच घोगरं बोलणं. आज मी कान देऊन ऐकलं. प्रत्येक शब्द कळत होता. इतके दिवसही कळला असता. म्हणाली, "तू काय खातोस तिकडे?"

म्हटलं, "थंड मासा."

"शी! शिजवत नाहीस?"

"नाही."

"धुतोस तरी का?"

"नाही धुवायचा तो, आई."

"मग शिकलास काय एवढ्या लांब जाऊन?"

३० मार्च, रविवार

पंचेचाळीस किलो तीनशे. एकच स्वेटर.

लेकीने काटा हलवून बघितला, दुसऱ्या फरशीवर ठेवून बघितला. तोच आकडा. बाई काट्यावरून उतरल्या आणि तोंड भरून हसल्या. दुरुस्त केलेली कवळी कालच आलीय. लेक बघतच राहिली. "आई, तुझे दात..." म्हणाली, आणि मग बाईंनी सगळं सांगितलं, स्वतःच, माझ्याशिवाय. चष्मेवाली पोरगी आपला चष्मा काढून पुसत बसली. संस्थेचं पत्रक तिने उचलून पिशवीत टाकलं, सात भोकांसकट.

जाताना मला म्हणाली, "तुम्ही राहाल ना?"

बाई आतून ओरडल्या, "राहील. त्याच्याकडे तिकीट आहे."

मी खोलीत येऊन खाटेखालची पिशवी ओढली. बंदराच्या गावाचे पैसे त्यात होते, मोज्यात. मोजून काढून ठेवले. कपडे खुंटीला लावले. बंदर कुठे पळून जात नाही.

आता कवळी आली, तर वाटलं बाई काहीही खातील. कणीस आणून ठेवलं. तर म्हणाल्या, "ते राहू दे. सॅलड कर. दार लावून."

उद्या सकाळी पैसे पाठवीन. दादाला कागदावर लिहून पाठवणार आहे, फोनवर सांगितलं की तो भांडतो: "आईच्या दातांचे अठरा हजार. त्यासाठी दुकानातून काही काढू नकोस. कवळी होईपर्यंत आईला लागेल म्हणून एक बारीक जाळीची चाळणी आणि एक अर्धगोल सुरा, त्याचे सहाशे. चाळणी तू स्वतः धरायची, वहिनीच्या गळ्यात घालायची नाही. तिने ताट सारलं तर विचारायचं."

एकूण अठरा हजार सहाशे.